सातपुड्यापर्यंत आलेले तात्या टोपे

रामाकोन्याहून छिंदवाड्याकडे निघाले की थोड्याच वेळात सपाटी संपते. कन्हानच्या काठची काळी माती, कपाशीची आणि संत्र्याची वावरे मागे पडतात आणि घाटाची वळणे सुरू होतात. वर पोहोचलो की आपण सातपुड्याच्या पठारावर असतो. पुढे तामिया, पाताळकोट, पचमढी. आपल्या मुलामुलींना आता या डोंगरांचे चांगलेच वेड लागले आहे. सुट्टी आली की पाठीवर पिशव्या टाकून मंडळी निघतात. धूपगड पाहतात, चौरागड चढतात, फोटो पाठवतात. आम्हा मोठ्यांनाही ते पाहून बरे वाटते.

याच डोंगरांतून १८५८ साली एक मराठी माणूस आपल्या माणसांसह उत्तरेकडून दक्षिणेकडे आला होता. त्याच्याकडे धड नकाशा नव्हता आणि तंबूही नव्हते. मागे इंग्रजांच्या तुकड्या लागलेल्या होत्या आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते ठाऊक नव्हते. तो मुलताईपर्यंत आला. मुलताई म्हणजे आपल्या पांढुर्ण्याहून पन्नास किलोमीटरच्या आत. तिथून तो नागपूरकडे न उतरता पश्चिमेला वळला. तो माणूस म्हणजे तात्या टोपे.

तात्यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत ऐकलेले आहे. कानपूर, झाशी, ग्वाल्हेर ही गावे त्या नावाबरोबर आठवतात, पण सातपुडा सहसा आठवत नाही. म्हणून या लेखात तात्यांचे चरित्र सांगताना लढायांवर थोडक्यात बोलू आणि त्यांच्या रानवाटांवर, त्यातही आपल्या भागातल्या वाटेवर, जरा जास्त रेंगाळू.

येवल्याचा मुलगा, बिठूरचा कारभारी

तात्यांचे खरे नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. जन्म १८१४ च्या सुमाराचा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. वडील पांडुरंगपंत दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीरावांना पुणे सोडून गंगेकाठी कानपूरजवळच्या बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला, जाऊन राहावे लागले. त्यांच्याबरोबर जी अनेक मराठी कुटुंबे गेली, त्यांत पांडुरंगपंतांचे कुटुंबही होते. तात्या तेव्हा अगदी लहान होते. त्यांचे सारे वाढणे परमुलखात झाले. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदुस्तानी, ही आपल्याला चांगली ओळखीची असलेली गोष्ट त्यांच्याही वाट्याला आली होती.

टोपे हे आडनाव कसे पडले याच्या दोन कथा आहेत. बाजीरावांनी खूश होऊन त्यांना रत्ने जडवलेली टोपी दिली, ही एक. तोफखान्याशी संबंध होता म्हणून तोपेचे टोपे झाले, ही दुसरी. दोन्ही आजही सांगितल्या जातात.

बाजीराव १८५१ साली वारले. वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना देण्यास इंग्रजांनी नकार दिला. तात्या नानासाहेबांच्या विश्वासातले कारभारी होते. १८५७ च्या जून महिन्यात कानपुरात उठाव झाला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते. मोठी फौज चालवल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. तो त्यांनी पुढच्या दोन वर्षांत रणातच मिळवला.

कानपूरच्या सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांची, त्यांच्या बायकामुलांसह, जी कत्तल झाली ती या इतिहासातली काळी घटना आहे. तिथे तात्यांचा वाटा किती होता यावर इतिहासकारांचे एकमत नाही. आपल्या माणसाचे चरित्र सांगताना हे गाळून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही.

पराभवानंतर पुन्हा उभे राहणारा सेनानी

नोव्हेंबर १८५७ मध्ये तात्यांनी ग्वाल्हेरच्या फौजेला हाताशी धरून कानपुरात जनरल विंडहॅमला मागे रेटले. हा त्यांचा मोठा विजय. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅम्पबेलने त्यांचा पराभव केला. १ एप्रिल १८५८ रोजी वेढ्यात सापडलेल्या झाशीच्या मदतीला ते वीस हजारांच्या आसपास फौज घेऊन आले. बेतवेच्या काठी सर ह्यू रोजने त्यांना हरवले. माघार घेताना तात्यांनी मधले रान पेटवून दिले आणि धुराच्या आडून उरलेली माणसे बाहेर काढली. पुढे अनेकदा दिसलेली त्यांची खुबी इथेही दिसते. लढाई हातची गेली तरी जमीन, पाणी, झाडी यांचा उपयोग करून माणसे वाचवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे.

कोंच आणि काल्पी इथे पुन्हा हार झाली. तरीही १ जून १८५८ ला राणी लक्ष्मीबाई, रावसाहेब पेशवे आणि तात्या यांनी थेट ग्वाल्हेर घेतले. हा आनंद तीन आठवडेही टिकला नाही. ग्वाल्हेरजवळ राणी धारातीर्थी पडल्या, शहर गेले, आणि जौरा-अलीपूरला उरल्यासुरल्या तोफाही गेल्या. तिथून खरी भटकंती सुरू झाली. ती दहा महिने चालली.

दहा महिन्यांची रानवाट

जून १८५८ ते एप्रिल १८५९ या काळातला तात्यांचा मार्ग नकाशावर बोटाने काढून पाहावा. बोट कुठेच सरळ जात नाही. जयपूरच्या दिशेने निघाले, वाट अडली म्हणून टोंककडे वळले. भर पावसाळ्यात बुंदीचे डोंगर पार केले. ऑगस्टमध्ये भिलवाड्याजवळ आणि नंतर बनास नदीकाठी कोठारियाला मार खाल्ला. मग पूर्वेकडे धाव घेऊन चढत्या पाण्यातून चंबळ ओलांडली आणि मागून येणाऱ्या इंग्रज तुकडीला अलीकडेच राहावे लागले. झालरापाटणला तीसच्या आसपास तोफा मिळाल्या आणि पैसाही मिळाला. सप्टेंबरमध्ये राजगड-ब्यावऱ्याला त्या तोफा गमावल्या. पुढे सिरोंज, ईसागड, बेतवेचे खोरे. पुन्हा हार आणि पुन्हा वाट.

रॉबर्ट्स, होम्स, पार्क, मिशेल, स्मिथ, नेपियर, सॉमरसेट अशा किती तरी अधिकाऱ्यांच्या तुकड्या त्यांच्या मागे होत्या. कोणी पाठलाग करी, कोणी पुढची वाट अडवून बसे. तरी तात्या हाती लागत नव्हते.

याचे कारण त्यांच्या चालण्याच्या पद्धतीत होते. त्यांच्याजवळ सामान थोडे असे. तंबू, पालख्या, बाजारबुणगे मागे पडले होते. थकलेले घोडे सोडून वाटेत मिळतील ते नवे घ्यायचे. धान्य गावातून उचलायचे. तोफ अडचण करू लागली तर सोडून द्यायची. नदी कुठे पायउतार आहे, कोणता घाट घोड्यांना चालेल, कोणत्या रानात पाणी आहे, हे त्या त्या मुलखातल्या माणसांकडून समजून घ्यायचे. आज आपण डोंगरात जाताना वाटाड्या घेतो, पाण्याच्या जागा विचारून ठेवतो, ओझे कमी करतो. या सगळ्या गोष्टी तात्यांच्या माणसांसाठी जगण्यामरण्याच्या होत्या.

त्या प्रवासाची दुसरी बाजूही आहे. दोन-चार हजार भुकेली माणसे गावात शिरली की गावाचे काय होत असेल, याचा विचार आम्ही शेतकऱ्यांची मुले सहज करू शकतो. काही ठिकाणी लोकांनी आपण होऊन दिले. काही ठिकाणी बळजबरीने घेतले गेले. ईसागडने रसद नाकारली तेव्हा गाव लुटले गेले. आणि फौज निघून गेल्यावर मागून येणारे इंग्रज मदत केल्याबद्दल त्याच गावांना शिक्षा करीत. दोन्हीकडून भरडली गेलेली ती माणसे कोणत्याही पुस्तकात नावाने सापडत नाहीत.

नर्मदा ओलांडली

ऑक्टोबरच्या अखेरीस ललितपूर-सागरच्या बाजूला मिशेलने तात्यांच्या फौजेचे लचके तोडले. उत्तरेकडचे सगळे रस्ते बंद होत चालले होते. अशा वेळी तात्या आणि रावसाहेब यांनी कोणाच्या ध्यानीमनी नसलेली दिशा धरली. ते दक्षिणेकडे निघाले. होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, पूर्वेला सरीला घाटाजवळ त्यांनी नर्मदा ओलांडली. बरोबर दोन-अडीच हजार माणसे होती. त्यांत बांद्याचे नबाब अली बहादूरही होते. थोरल्या बाजीरावांच्या आणि मस्तानीच्या वंशातले ते पुरुष.

आपल्याकडे नर्मदा ओलांडणे म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात जाणे, असे जुनी माणसे मानत. पलीकडे हिंदुस्तान, अलीकडे दक्खन. पेशव्यांचा माणूस पेशव्यांचे निशाण घेऊन अलीकडे आला, ही बातमी पोहोचताच मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या सरकारांत खळबळ उडाली. नागपूरचे अधिकारी धास्तावले. दक्खनचे मराठे उठले तर काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

तात्यांचीही आशा तीच होती. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. राजवाड्यातल्या हत्तीघोड्यांचा, दागदागिन्यांचा लिलाव झाला. आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख त्याच भोसल्यांच्या राज्यातला. जखम अवघ्या चार वर्षांची होती. ती अजून ओली असेल, असे तात्यांना वाटले असल्यास नवल नाही.

डोंगरातली दिवाळी

नर्मदेच्या दक्षिणेला फतेपूर लागते. तिथून पुढे सातपुड्याची भिंत उभी राहते. त्या काळी या भागात पक्की सडक नव्हती. पचमढीचे थंड हवेचे ठिकाण अजून वसायचे होते. कॅप्टन फोर्सिथचा बायसन लॉज बांधला गेला १८६२ साली, म्हणजे चार वर्षांनी. तात्या आले तेव्हा तिथे होते ते महादेवाचे डोंगर, देनवेच्या खोल दऱ्या, साल-सागाचे आणि बांबूचे रान, वाघ आणि रानगवे, आणि या सगळ्यांत राहणारी गोंड आणि कोरकू माणसे.

पावसाळा नुकताच सरला होता. गवत डोक्याएवढे वाढलेले, ओढ्यांना पाणी. ज्यांनी नोव्हेंबरात पचमढी-तामियाच्या बाजूला रात्र काढली आहे त्यांना तिथली थंडी ठाऊक आहे. दिवसभर ऊन आणि सूर्य मावळला की अंगात कापरे. तात्यांच्या माणसांजवळ पुरेशी पांघरुणेही नसतील. बरेचसे लोक गंगा-यमुनेच्या सपाट मुलखातले शिपाई होते. डोंगराची चढण त्यांच्या पायांना सवयीची नव्हती. घोड्यांचे नाल झिजलेले, दाण्याची टंचाई, जखमी लोक बरोबर.

पंचांग पाहिले तर त्या वर्षी दिवाळीची अमावास्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. म्हणजे तात्या सातपुड्यात असतानाच दिवाळी झाली. खाली कन्हानच्या काठी, आपल्या गावांत, पणत्या लागल्या असतील. वर डोंगरात पेशव्यांची उरलेली फौज काळोखात वाट काढत होती. नेमकी त्याच सुमारास, १ नोव्हेंबरला, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा देशभर वाचला गेला. कंपनीचे राज्य संपून राणीचे सुरू झाले, आणि शस्त्र खाली ठेवणाऱ्यांना, इंग्रजांच्या खुनात हात नसेल तर, माफी देऊ केली गेली. डोंगरातल्या प्रत्येक माणसापुढे आता दोन रस्ते होते. बांद्याच्या नबाबांनी त्याच महिन्यात शरणागती पत्करली. तात्या चालत राहिले.

या डोंगरांतून वाट दाखवली ती इथल्या आदिवासींनी. हर्राकोटचे कोरकू जहागीरदार भभूतसिंह यांनी तात्यांना आसरा आणि मदत दिली, असे या भागात मानले जाते. तात्या निघून गेल्यानंतरही भभूतसिंहांनी आपल्या डोंगरात इंग्रजांशी झुंज चालू ठेवली आणि शेवटी पकडले जाऊन त्यांना फाशी झाली. त्यांचे नाव अलीकडे पुन्हा घेतले जाऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. इतर कितीतरी वाटाड्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. तात्यांचे चरित्र आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या माणसांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. त्यांच्याशिवाय ती फौज सातपुड्याचा एक घाटही उतरू शकली नसती.

मुलताईचे वळण

डोंगर पार करून तात्या मुलताईला आले. मुलताई हे तापीचे उगमस्थान. तिथल्या तलावावर आपल्यापैकी पुष्कळांनी स्नान केले आहे, लग्नकार्यानंतर नवरानवरीला दर्शनाला नेले आहे. तिथून दक्षिणेकडे पाहिले की जमीन उतरत जाते. पुढे पांढुर्णा, वर्धा नदीचे खोरे, नागपूरचा मुलूख. येवल्याचा मुलगा चाळीस वर्षांनी मराठी मुलखाच्या उंबऱ्याशी आला होता.

पण दार उघडले नाही. कामठीच्या छावणीतून इंग्रज फौज नागपूरच्या रक्षणासाठी पुढे सरकली होती. आणि लोकही उठले नाहीत. यासाठी आपण आपल्या पूर्वजांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. जून १८५७ मध्ये नागपुरात घोडदळाने उठावाचा बेत केला होता. तो फसला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. भोसल्यांच्या घराण्यातल्या वृद्ध बाकाबाईंनी आपल्या माणसांना शांत राहण्यास बजावले होते. दिल्ली, लखनौ, झाशी, ग्वाल्हेर सगळे पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. कपाशी वेचणीला आलेली, ज्वारी उभी, आणि घरात लेकरेबाळे. वर्षभर आधी तात्या आले असते तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती, असे इंग्रज इतिहासकारांनीही लिहून ठेवले आहे. इतिहासात जर-तरला फारशी किंमत नसते. तरी मुलताईच्या तलावाकाठी उभे राहिल्यावर हा विचार मनात येतोच.

तात्या तिथून पश्चिमेकडे वळले. मेळघाटातून वऱ्हाडात उतरावे, तर ती वाट हैदराबादच्या फौजेने धरलेली. मग सातपुड्याच्याच रांगांतून ते होळकरांच्या मुलखात, खरगोणला, गेले. तिथली काही फौज त्यांना मिळाली. आग्रा-मुंबई रस्ता ओलांडताना त्यांनी तारायंत्राची तार तोडली. राजपूरजवळ मेजर सदरलँडच्या तुकडीने त्यांना गाठले. तात्यांनी काही माणसे अडसर म्हणून मागे ठेवली आणि बाकीची रात्रीतून नर्मदेपार नेली. सकाळी इंग्रज काठावर आले तेव्हा तात्या पलीकडच्या तीरावर होते. महिनाभरात त्यांनी नर्मदा दुसऱ्यांदा ओलांडली होती. मराठी मुलूख मागे राहिला तो कायमचा.

पाडोणचे जंगल

पुढचा प्रवास थकलेल्या माणसांचा आहे. छोटा उदेपूर, बांसवाडा, प्रतापगड. जानेवारी १८५९ मध्ये दौसा आणि सीकर इथे पुन्हा पराभव. माणसे गळत गेली. रावसाहेब आणि तात्या वेगळे झाले. तात्या मोजक्या सोबत्यांनिशी नरवरच्या मानसिंहाकडे, शिवपुरीजवळच्या पाडोणच्या रानात, आश्रयाला गेले.

दहा महिने ज्यांना नद्या, डोंगर आणि फौजा अडवू शकल्या नाहीत, त्यांना एका ओळखीच्या माणसाने धरून दिले. मानसिंहाने एप्रिलच्या सुरुवातीला मेजर मीडपुढे शरणागती पत्करली आणि आपले संस्थान परत मिळेल या आशेने तात्यांचा ठावठिकाणा सांगितला. ७ एप्रिलच्या रात्री तात्या झोपेत पकडले गेले.

पकडल्यावर त्यांनी जी जबानी दिली, ती वाचण्यासारखी आहे. तीत मोठे शब्द नाहीत. कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेलो, कुठे लढाई झाली, कुठे तोफा सोडल्या, कोणती नदी ओलांडली, असा मुक्कामांचा साधा हिशेब आहे. आपण जे केले ते आपल्या धन्याच्या, म्हणजे नानासाहेबांच्या, हुकमाने केले, अशी त्यांची भूमिका होती. शिवपुरीला लष्करी न्यायालय बसले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी तात्यांना फाशी देण्यात आली. फाशी गेला तो दुसराच कोणी, असे मानणारे लोकही होते आणि आहेत. लोकांना त्यांचे पकडले जाणे पटत नव्हते, एवढे त्यातून नक्की कळते. रावसाहेबही पुढे पकडले गेले आणि १८६२ साली बिठूरला फासावर चढले.

आपल्यासाठी

शिवपुरीला तात्यांचा पुतळा आहे. येवल्यात आणि बिठूरलाही त्यांची आठवण जपली जाते. आपल्या भागात मात्र, तात्या इतक्या जवळ येऊन गेले तरी, घराघरांत त्यांची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

आपण मराठी माणसे सातपुड्याच्या या कुशीत पिढ्यान् पिढ्या राहत आहोत. राज्यांच्या सीमा बदलल्या, जिल्हेही बदलले, आता सौंसर-पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा झाला. डोंगर तेच आहेत. आपली मुले पचमढीला, पाताळकोटला निघतील तेव्हा डब्यासोबत ही गोष्टही त्यांना द्यावी, असे आम्हाला वाटते. वाटेत भेटणाऱ्या गोंड-कोरकू माणसांशी आदराने बोलावे, पाणी आणि वाट विचारावी. त्यांच्या पूर्वजांनी एकदा पेशव्यांच्या हरलेल्या फौजेला वाट दाखवली होती.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहावे. आजोबा-पणजोबांकडून ऐकलेली, फौज डोंगरातून गेल्याची, धान्य लपवून ठेवल्याची, कोणाला रात्री भाकरी दिल्याची एखादी आठवण कोणाकडे असेल तर ती सांगणाऱ्याच्या नावानिशी वहीत उतरवून ठेवावी. सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.